उजवी खरखरीत, डावी गुळगुळीत

५ सप्टेंबर १९७७, सोमवार

आज परत दुधात कालवलेली भाकरी! कमळनं ताट पुढं ठेवलं, मी मागं सारलं. मी काय पाळण्यात हाय का? समोर माझा लेक दत्तू कडक भाकरी मोडतोय. वर शेंगाची चटणी, तेल, कांदा. कडाड कडाड आवाज. आन मला लापशी.

कमळ म्हणली, "आत्याबाई, दाढाच न्हाईत तर चावणार कशानं?" सून खरं बोलली की जास्त राग येतो.

खालच्या दाढा दोन्हीकडच्या गेल्या. पुढचे दात हायत, ते हसायला आन भांडायला.

नात विजू बघत होती. मुंबईत शिकून दातांची डाक्टर झालीय. दत्तूनं पुढची खोली दिली, तितं दवाखाना घातला. नवी खुर्ची, वर-खाली होती. बसायला कोण न्हाय. बाया दारात येत्यात, पोरीला बघत्यात, म्हणत्यात, डाक्टर कवा येणार? विजू म्हणती मीच. मग त्यांचा दात दुखायचा थांबतो.

मला म्हणली, "आजी, कवळी करू का?"

समोरच्या घरातल्या राचव्वासारखी? राचव्वा बोलताना एक हात हनुवटीखाली धरती, कवळी पडली तर झेलायला. एका लग्नात जिलबीबरोबर निघाली ती थेट शेजारणीच्या पत्रावळीत. नको मला.

विजू म्हणली, "मग दुसरं एक आहे. पण ते नवीन आहे."


७ सप्टेंबर

इचारलं, काय ते नीट सांग, डाक्टरी बोलायचं न्हाय.

धातूची बारकी खुटी, स्क्रूसारखे आटे असलेली. जबड्याच्या हाडात भोक पाडून बसवायची. वरून हिरडी शिवून टाकायची आन चार महिने तिला छेडायचं न्हाय. हाड वाढत वाढत येऊन खुटीला धरतं म्हणे. धरलं की हिरडी उघडून वर दाढेची टोपी. मग भाकरी.

तिच्या मुंबईच्या सरांनी दोन खुट्या दिल्यात. एक गुळगुळीत, एक खरखरीत. सरांना वाटतं खरखरीतला हाड जास्त घट्ट धरंल. पण वाटणं येगळं.

विजू म्हणली, "एक उजवीकडं, एक डावीकडं बसवली तर एकाच तोंडात कळेल. जमेलच असं मी म्हणत नाही, आजी. हाडानं धरलं नाही तर खुटी हलायला लागते, काढावी लागते. दुखणं तुझं, आणि परत लापशी."

"म्हंजे मी तुझं वावर. एका तुकड्यात हायब्रीड ज्वारी, एका तुकड्यात मालदांडी."

"हो."

लाजली न्हाय, गोड बोलली न्हाय. म्हणून मी बी व्हय म्हणले. दत्तू वरडला, "माझ्या आईवर शिकतीस व्हय गं?" मी म्हणले, तू बी माझ्यावरच शिकलास की, चालायला, बोलायला, उलट बोलायला.

अट एकच. मिश्री बंद. तंबाखूनं जखम भरत न्हाय आन हाड आळसावतं म्हणे. ही अट आधी सांगितली असती तर इचार केला असता.


८ सप्टें.

सकाळी मिश्री न्हाय. कुणाशी बोलले न्हाय. बरंच झालं त्यांचं.


११ सप्टें., रविवार

आज घरात जे झालं ते लिव्हलं पाहिजे, म्हंजे उद्या कमळ सगळं माझ्यावर ढकलणार न्हाय.

विजू बाहेर गेलेली. कमळ आन मी दवाखाना झाडायला गेलो. टेबलावर स्टीलची डबी, झाकण उघडलं. आत त्या दोन खुट्या. एक लख्ख, नथीतल्या मोत्यासारखी. दुसरी करडी, मळकट, आपल्या हितल्या पाण्यानं बंबाला आतून क्षार धरतो तशी. मी म्हणले, बघ कमळ, ही खुटी माझ्या तोंडात घालणार. पोरगी शिकली पण भांडं घासायला शिकली न्हाय.

कमळनं चिंच आणली, मी राख. तांब्या घासतो तशी घासली. मी दमले, मग कमळनं घासली. तरी चमक येईना. कमळ म्हणती, "आत्याबाई, जस्ताची असंल."

तेवढ्यात विजू. "आजी! आई! काय केलंत हे!"

"मळकट होती."

त्या नव्या खुर्चीत पैल्यांदा कोण बसलं तर विजूच, डोक्याला हात लावून. मग हसायला लागली, हसता हसता डोळ्यातनं पाणी. म्हणली, "मळकट नाही गं. मुद्दाम खरखरीत केलीय, बारीक वाळूचा मारा करून. त्या खड्ड्यांत हाड शिरतं आणि पकडतं. आता खड्ड्यांत चिंच आणि राख बसली. राखेत हाड वाढेल का?"

मी म्हणले, वावरात राख टाकली की पीक जोमात येतं.

तिनं हात जोडले.


१२ सप्टें.

विजू खुटी घेऊन मुंबईला गेली. कमळ आन मी एकमेकींकडं बघत न्हाय. बघितलं की हसू येतं.

डाळ भरडायला जातं मांडलं. दगडाची पाळी गुळगुळीत झालीय, दाणा नुसता घसरतो, तसाच्या तसा भाईर येतो. टाकी लावून घ्यायला पाहिजे, दगडाला खाचा पडल्या की दाणा धरतो. तवा डोक्यात उजेड पडला. असंच असणार ते खुटीचं. विजू आली की सांगते.


१६ सप्टें.

आली. सरांनी खुटी आम्लात धुऊन, परत वाळूचा मारा करून दिली. सरांचा निरोप, "आजींना सांगा, भांडी फार छान घासतात. खुट्या घासायचं मात्र आमच्याकडे राहू द्या."

जात्याचं सांगितलं. विजू म्हणली, "जवळपास तसंच. फक्त जात्यात दाणा खाचेत पडतो. इथं हाड जिवंत असतं, ते स्वतः चालत खाचेत जातं." म्हंजे माझं तेवढं बरोबर न्हाय. पण मला चालत जाणारं हाड आवडलं. या वयात माझं काहीतरी चालायचं राहिलंय.


१८ सप्टें., रविवार

राचव्वाला कळलं. कट्ट्यावर बसून हात हनुवटीखाली धरून म्हणती, "अय्य सखू, जबड्यात खिळा ठोकून घेतीस? म्हैस बांधायची हाय काय?" तिचं माहेर अक्कलकोटाकडचं, मराठी बोलली तरी चाल कानडी.

मी म्हणले, तुझ्या दातांना तरी दोरीनं बांध, गटारात जातील एक दिवस.

मग पैज. आमच्या दोघींत थोरली कोण ह्याचा निकाल आजवर लागला न्हाय, दोघींच्या बी जन्माचा कागद न्हाय. ती मला सखू म्हणती, मी तिला राचव्वा. कुणी कुणाला आक्का म्हणत न्हाय. तर ठरलं असं: खुट्या धरल्या आन मी चारचौघींत कडक भाकरी दाढेनं मोडली, तर तिनं मला मरेपर्यंत आक्का म्हणायचं. खुटी निघाली तर मी कवळी बसवायची आन तिला आक्का म्हणायचं.

कवळी एक वेळ चालंल. आक्का न्हाय.


१ ऑक्टो.

परवा खुट्या बसणार. खरखरीत कुटल्या बाजूला घालायची? मी म्हणले उजवीकडं, मी उजवीनंच जास्त चावायची. विजू म्हणली, आपण ठरवायचं नाही, नाहीतर खरं कळणार नाही. कमळनं मुठीत शेंगदाणा धरला. उजव्या मुठीत निघाला. खरखरीत उजवीकडं, गुळगुळीत डावीकडं.

माझंच खरं झालं म्हणून गप बसले न्हाय.


३ ऑक्टो., सोमवार

झालं. बधिर करायची सुई तेवढी झोंबली. मग भोक पाडताना दुखलं न्हाय, पण आवाज सगळ्या कवटीत, सुतार डोक्यात बसल्यासारखा. विजू सारखी पाणी मारत होती, हाड तापलं तर मरतं म्हणे. ठोकल्या न्हाईत, हळूहळू फिरवून बसवल्या.

पोरगी चुकंल वाटलं होतं. न्हाय चुकली. कपाळावर घाम मातर होता. कमळ दाराआड उभी, डोळे मिटून.

शेवटी हिरडी शिवली. पेरून वर माती ओढली.

गाल टरबूज.


५ ऑक्टो.

विजू म्हणती, तोंडात रोज काय वाटतं ते लिव्हून ठेव. मी म्हणले मी लिव्हतेच, पण तुला दाखवणार न्हाय. त्यात तू बी हायस.

इथनं पुढं उ. म्हंजे उजवी खुटी, डा. म्हंजे डावी. तेवढीच शाई वाचती.

उ. ठणकती. डा. बी ठणकती. बरोबरी.


९ ऑक्टो.

टाके काढले. सूज उतरली. लापशी.

मिश्रीची डबी विजूनं माझ्या हाताला लागू नये म्हणून सांभाळायला कुणाकडं द्यावी? राचव्वाकडं! आज ती कट्ट्यावर बसली, कवळी काढून वाटीत ठेवली, आन माझी मिश्री माझ्यासमोर हिरड्यांना चोळली. "छान भाजलीस गं सखू." डोळे मिटून.

हाडा, चाल बाबा लवकर.


दसरा

आपट्याची पानं द्यायला बाया आल्या. सगळ्यांना माझं तोंड बघायचं. आ करून दाखवलं. आत काय दिसतंय? नुसती हिरडी. एक म्हणली, "कायच न्हाय की." मी म्हणले, पेरलेल्या वावरात पैल्या दिवशी काय दिसतं? मालदांडी बी आत्ताच पेरलीय सगळ्यांनी. बघू कोण आधी वर येतंय.

त्यांच्यातली एक जाता जाता विजूला म्हणली, "माझी एक दाढ हलती, जरा बघतीस का?" भाईरच्या बाईसाठी खुर्ची पैल्यांदा वर गेली. विजूनं पायानं दाबायचं ते दोनदा चुकीचं दाबलं, बाई वर-खाली, वर-खाली. बाईला ते बी आवडलं.


दिवाळीचा पाडवा

चकल्या कमळनं केल्या. आवाज ऐकला सगळ्यांचा. मी रव्याचा लाडू चघळला.

उ. शांत. डा. शांत. दोघी काय करत्यात आत, कळत न्हाय. गरोदर बाईसारखं झालंय, सारखा हात तितंच जातो. विजू म्हणती दाबू नकोस. मी न्हाय दाबत, इचारपूस करते.


२ डिसें.

आज चिडले. मिश्री न्हाय, चावणं न्हाय, नुसती वाट. विजूला म्हणले, तुझ्या सरांना सांग म्हातारी माणसं वावर म्हणून घेऊ नका, त्यांच्याकडं येळ कमी असतो.

तिनं एक बोललं ते लिव्हून ठेवते. "आजी, हाडाला घाई केली की ते घट्ट होत नाही, नुसतं मऊ मांस भरून जातं. धीर धरला तरच हाड होतं."

हे तिनं माझ्याकडंच बघून शिकल्यासारखं म्हणलं. मला धीर कवा होता?


वेळामावस्या

वावराची पूजा करून तितंच जेवायचं, म्हणून सगळे राचव्वाच्या वावरात. ज्वारी कंबरेच्या वर, पोटरीला आलेली, वाऱ्यानं सळसळ. भज्जी, उंडे, आंबील. सगळं मऊ. देवानं हा सण माझ्यासारखींसाठीच काढला. तीनदा वाढून घेतलं.

राचव्वा आंबील पिताना कवळी मडक्यात पडली. तिनं हात घालून काढली, धुतली, लावली. मग मी एकटीच हसले, मग सगळे, मग ती बी. म्हणली, "हस, हस. फेब्रुवारीत बघते तुला."

ज्वारीच्या ताटाला हात लावून उपटून बघितलं. न्हाय आलं. मुळं काय घट्ट धरत्यात. मनात म्हणले, असं धर.


१४ जाने. १९७८, संक्रांत

तीळगूळ चघळला. गोड बोलायचा दिवस म्हणून कुणाशी बोलले न्हाय.


६ फेब्रु., सोमवार

आज उघडलं.

विजूनं हिरडी जराशी कापली. दोन्ही खुट्यांची डोकी दिसली म्हणे. कमळला दिवा धरायला बोलवलं, ती ह्या खेपेला डोळे उघडे ठेवून उभी राहिली. विजूनं आधी चिमट्यात धरून हलवून बघितलं. उ. हलत न्हाय. डा. हलत न्हाय. तिघींनी एकदम श्वास सोडला.

मग तोंडात बघायच्या बारक्या आरशाची दांडी उलटी धरून तिनं उ. वर टिचकी मारली. ठण्ण! सगळ्या डोक्यात वाजलं. बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायांनी बी ऐकलं. माठ घेताना कुंभाराकडं वाजवून बघतो, पक्का भाजलेला माठ वाजतो तसं.

विजू खुर्चीभोवती नाचली. डाक्टरीण, पांढरा कोट, आन नाचली. कमळनं माझी अलाबला घेतली, बोटं कडाकडा मोडली.

मग डा. वर. ठप.

परत. ठप.

कच्चा माठ. मी इचारलं, काय? म्हणली, "फोटो काढून बघू."


७ फेब्रु.

एक्स-रेवाल्याकडं जाऊन आलो. विजूनं फोटोची फिल्म उजेडाला धरून मला दाखवलं. उ. च्या आट्याआट्यांत पांढरं हाड शिरलंय, खुटी कुटं संपती आन हाड कुटं लागतं कळत न्हाय. डा. च्या भोवती मातर एक बारीक काळी रेघ. केसाएवढी.

"ही रेघ काय?"

"तिथं हाड टेकलेलं नाही. एकतर मऊ मांस भरलंय, मग ती पुढं हलेल आणि काढावी लागेल. नाहीतर हाड अजून वाटेत आहे, उशिरा पोचेल."

"ह्यातलं कुटलं?"

"माहीत नाही, आजी."

दुसरी कोण असती तर काहीतरी दडपून सांगितलं असतं. हिनं न्हाय. मी म्हणले, मग थांबू. उ. ला टोपी घाल. डा. ला झाकून ठेव, थोडी राहूदे. काही पोरं उशिरा चालत्यात. दत्तू लई उशिरा चालला, आता थांबत न्हाय.

तवा कुटं विजू हसली.


१३ फेब्रु.

उ. वर टोपी बसली. जीभ सारखी तितं. ओळख करून घेती.

दोन आठवडे मऊच खायचं. हुरड्याचं बोलावणं आलं वैरागहून, दत्तू आन कमळ गेले. मला वाटीभर आणला, उ. नं एकेक दाणा चावला. कोवळा, गोड. हा मऊतच धरायचा, मी ठरवलं.


२६ फेब्रु., रविवार

आज.

राचव्वाच्या कट्ट्यावर गल्लीतल्या बाया जमल्या. कमळनं काल केलेली भाकरी, आज तव्यावर परत वाळवून कडक केलेली, पापडासारखी. ताटात ठेवली तरी वाजली. विजू मागं उभी, पांढरा कोट घालून. मी म्हणले, कोट काढ, मी मरत न्हाय.

तुकडा उजवीकडं घातला. दाबलं. पैल्यांदा भीती वाटली, खरं सांगते. हाडातनं ठणका येईल, खुटी फिरंल, टोपी हातात येईल. कायच न्हाय. परत दाबलं.

कडाड.

काय आवाज! कानाच्या आतून आला. किती दिवसांनी आतून आला, आजवर दत्तूच्या तोंडातला ऐकत होते. चटणी लावून तुकडा, परत कडाड. मी थांबलेच न्हाय. कोण काय बोलत होतं ऐकू बी येईना. अर्धी भाकरी संपल्यावर बघितलं तर कमळ पदरानं डोळे पुसती आन विजू हसती. मी म्हणले, रडायला काय झालं, चटणी जास्त तिखट केलीस का?

मग राचव्वाकडं बघितलं. म्हणले, हं, बोल.

राचव्वानं हनुवटीखाली हात धरला. "एका दाढेनं मोडलीस. पैज खुट्यांची होती. खुट्या दोन. दुसरी कुटाय?"

विजूनं सांगितलं दुसरीचं, जसं हाय तसं. रेघ बी सांगितली. कायच लपवलं न्हाय. मला वाटलं आता बाया उठून जातील. कोण उठलं न्हाय.

राचव्वा म्हणली, "मग अर्धं. 'आ' आज म्हणते. 'क्का' डावीनं धरल्यावर."

"आ" म्हणली. सगळ्या हसल्या. मी "ओ" दिली.

बाया पांगल्यावर राचव्वा मागं राहिली. विजूला जवळ बोलवून, कवळी काढून हातात घेऊन, हळू म्हणती, "पोरी, मला बी बसवशील काय गं? कुठली बसवायची, तसली खरखरीत, का गुळगुळीत?"

विजूनं तिच्याकडं बघितलं न्हाय, माझ्या डाव्या गालाकडं बघितलं.

मी म्हणले, उद्यापासनं गल्लीत कोणी हे मला इचारायचं न्हाय, विजूला छळायचं न्हाय, आन मुंबईच्या सरांना बी त्रास द्यायचा न्हाय. जिला इचारायचंय तिनं डा. ला इचारायचं. उत्तर डावीनंच द्यायचं, धरून न्हायतर हलून.